कावळ्याला चुकवून बसायचं कसं?

प्रश्न : आमची शेती भालकी तालुक्यात कारंजा नदीच्या अंगाला आहे. भुईमूग पेरला की कोंब वर यायच्या आत कावळे दाणे उकरतात. मी गोफण घेऊन बांधावर बसलो की एक कावळा फिरकत नाही, आणि जेवायला घरी गेलो की सगळी जत्रा हजर. आजोबा सांगायचे की हरणशिकारी लोक बैलाआड लपून पाखरं धरायचे. कावळ्याला दिसणार नाही असं लपता येतं का? खाकी-हिरवे कपडे शिवून घेऊ का?
– एक वाचक, भालकी (जि. बीदर)

उत्तर : कपड्यांचे पैसे वाचवा. आणि गोफणीतला गुंडा हवेत सोडा, कावळ्यावर नको. 1972च्या वन्यजीव कायद्यात कावळा पूर्वी उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होता, त्यामुळे त्याला मारायला मोकळीक होती. 2022च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली आणि 1 एप्रिल 2023पासून ते लागूही झालं. हाकलायला कुणाची हरकत नाही. आता लपण्याचं सांगतो, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, कावळ्याच्या चार. म्हणजे आपल्याला ‘अगदी गवतासारखं’ वाटणारं कापड त्याला तसंच दिसेल याचा भरवसा नाही. शिवाय त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. नीट बघायचं तर तो मान वाकडी करून आधी एका डोळ्याने बघतो, मग दुसऱ्याने. आपल्या पूर्वजांनी यावरून कावळ्याला बुबुळ एकच, ते या खोबणीतून त्या खोबणीत फिरतं, असं ठरवून टाकलं आणि काकाक्षिगोलकन्याय रचला. शरीरशास्त्र चुकलं, पण मानेची ती लकब त्यांनी बरोबर टिपली होती.

रंगाच्या आधी त्याला हालचाल दिसते. घोंगडी पांघरून बाभळीच्या बुंध्याला पाठ लावून सावलीत बसलेला माणूस बराचसा खपून जातो. तोच माणूस डास मारायला हात उचलतो आणि संपतं सगळं. तोंड आणि तळहात उन्हात चकाकतात, तेवढे उपरण्यात घ्या. मनगटावरचं घड्याळ घरी ठेवा.

आजोबांची बैलाची गोष्ट खरी आहे. शिकवलेल्या बैलाच्या किंवा गाईच्या आडोशाने, तिच्या चालीने चालत सावजाच्या जवळ जायचं, हे पारधी लोकांचं जुनं कसब. त्यामागचं मर्म तुम्ही दर नांगरटीला बघता. ट्रॅक्टरच्या मागे चार हातांवर बगळे, साळुंक्या, कावळे किडे वेचत चालतात. ड्रायव्हर खाली उतरला की भुर्रकन उडतात. पाखरांना भीती दोन पायांच्या उभ्या आकाराची. तो आकार मोडला की अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं अवघड, कारण कावळा मोजतो. युरोपात एक जुनी गोष्ट सांगतात. शेतातल्या मनोऱ्यावर घरटं करणाऱ्या कावळ्याला मारायला माणूस मनोऱ्यात शिरला, की कावळा दूर झाडावर जाऊन बसे आणि तो बाहेर पडेपर्यंत परतत नसे. मग दोघे शिरले, एक बाहेर आला. कावळा फसला नाही. तिघे शिरून दोघे आले, तरी नाही. पाच-सहा माणसांच्या घोळात कुठे त्याचा हिशेब चुकला. मला ही थाप वाटायची. पण जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठात कावळ्यांना खूण दाखवली की तेवढ्याच वेळा, एक ते चार, मोजून ओरडायला शिकवता आलं. 2024 साली ते प्रसिद्ध झालं. तेव्हा तुम्ही एकटे खोपीत शिरताना कावळ्याने बघितलं, की दिवस फुकट गेला समजा. तांबडं फुटायच्या आत, कावळे रातथाऱ्यावरून सुटायच्या आधी आत जाऊन बसा.

आणखी एक. दशक्रियेला घाटावर पिंड मांडलेला असतो, कावळा फांदीवर असतो, पण शिवत नाही. नातेवाईक मेलेल्याची राहिलेली इच्छा शोधत असतात. तेवढ्यात कुणीतरी जाणता माणूस म्हणतो, ‘मागं सरा रे, बघत उभं राहू नका,’ आणि कावळा उतरतो. इच्छेचं मी काही बोलत नाही. पण अमेरिकेत सिॲटलच्या कावळ्यांवर केलेल्या अभ्यासात दिसलं, की चालत येणारा माणूस सरळ त्यांच्याकडे बघत असेल तर ते लवकर उडतात, नजर दुसरीकडे असेल तर उशिरा. म्हणून लपून बसताना डोळे रोखू नका. कडेने बघा.

खोप करायचीच तर कडब्याच्या सात-आठ पेंढ्या गोल उभ्या करा, वरूनही झाका (कावळा वरून बघतो, हे बहुतेक जण विसरतात) आणि पाठीमागे फट ठेवू नका, नाहीतर तुमची सावली समोरच्या भोकात हलते. चार-पाच दिवस ती रिकामीच राहू द्या, सवय होऊ द्या.

मी आळंदकडे एका तुरीच्या शेतात अशा खोपीत तीन तास काढलेत. राखाडी मानेचा एक गावकावळा वाळल्या भाकरीचा तुकडा घेऊन आला, जनावरांच्या पाण्याच्या हौदावर बसला, तुकडा बुडवला, काढला, चोचीने दाबून पाहिला, पुन्हा बुडवला. मऊ झाल्यावर खाल्ला. मग माझ्या भोकाकडे उजव्या डोळ्याने बघितलं, डाव्या डोळ्याने बघितलं, आणि एकदाच ‘काव्’ म्हणाला. त्यानंतर दुपारपर्यंत हौदावर कुणी आलं नाही. मी हललो नव्हतो, असं मला अजूनही वाटतं.

भुईमुगाला या सगळ्याची गरज नाही. पेरल्यापासून रोप धरेपर्यंतचेच दिवस जपायचे. तेवढ्या दिवसांत लपून बसण्यापेक्षा उघड हिंडलेलं बरं.

प्रश्न : बुजगावणं किती दिवस चालतं? मेलेला कावळा टांगतात त्याचा उपयोग होतो का?
– एक वाचक, औराद

उत्तर : एकाच जागी उभं केलेलं बुजगावणं थोड्याच दिवसांत कावळ्यांची बसायची फांदी होतं. एक-दोन दिवसांआड जागा बदला. मेलेल्या कावळ्याभोवती बाकीचे जमून कल्लोळ करतात आणि काही काळ ती जागा टाळतात, हे खरं. पण खरा कावळा नको, काळ्या कापडाचा करा. टांगताना मात्र तोंड बांधून घ्या. सिॲटलमध्येच जॉन मार्झलफ यांच्या मंडळींनी 2006 साली गुहेतल्या आदिमानवाचा मुखवटा घालून सात कावळे पकडले आणि सोडून दिले. त्या मुखवट्याला तिथले कावळे पुढे वर्षानुवर्षे शिव्या घालत राहिले, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी ती पकडापकडी पाहिलीही नव्हती.