भूत कितव्या सेकंदाला दाखवायचं? भयपटाच्या पहिल्या दोन मिनिटांचं विज्ञान

ब्रिटनमध्ये सोळा-सतरा वर्षांची जी मुलं मीडिया स्टडीज हा विषय घेतात, त्यांच्यातल्या काहींच्या वाट्याला एक ठरलेलं काम येतं. एका नव्या, न बनलेल्या चित्रपटाची फक्त सुरुवात बनवायची, श्रेयनामावलीसकट, साधारण दोन मिनिटांची. पुष्कळ जण भयपट निवडतात, कारण एक अंधारी खोली, एक मैत्रीण आणि एक फोन एवढ्यावर भागतं. इथे लेस्टरमध्ये ओळखीच्या मराठी घरातली एक मुलगी सध्या हेच करते आहे. तिचा पहिलाच प्रश्न होता, "ताई, भूत कितव्या सेकंदाला दाखवू?"

मी चित्रपटवाली नाही, प्रयोगशाळेतली आहे. पण प्रेक्षक केव्हा आणि का घाबरतो, हा प्रश्न प्रयोगशाळेतही विचारला गेला आहे, आणि त्याची उत्तरं दोन मिनिटांच्या फिल्मला थेट उपयोगी पडतात.

दचकणं वेगळं, घाबरणं वेगळं

मागे कुणी ताट पाडलं की आपण दचकतो. डोळे मिटतात, मान आखडते, खांदे वर जातात. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. आवाज कानातून मेंदूच्या खोडापर्यंत जातो आणि तिथून आदेश थेट स्नायूंकडे सुटतो. पापणी साधारण ४० मिलिसेकंदांत मिटते. "हे काय होतं?" हा विचार त्यानंतर येतो. म्हणून दचकवणं सोपं आहे: आवाज मोठा हवा आणि तो एकदम चढायला हवा. हळूहळू वाढत गेलेला तेवढाच मोठा आवाज दचकवत नाही.

घाबरणं म्हणजे येणाऱ्या संकटाची वाट पाहणं, आणि त्याला वेळ लागतो. गंमत अशी की या दोन गोष्टी एकमेकींना जोडलेल्या आहेत. १९५१ साली ब्राऊन, कॅलिश आणि फार्बर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं, की विजेच्या झटक्याची खूण ओळखायला शिकलेले उंदीर ती खूण चालू असताना मोठ्या आवाजाला अधिक जोरात दचकतात. आवाज तोच, पण भीती आधीपासून हजर असेल तर दचका मोठा. माणसांतही हे दिसतं. १९९७ मध्ये ख्रिस्तियान ग्रियाँ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की अंधारात बसवलेली माणसं उजेडातल्यापेक्षा जास्त दचकतात. उंदरांचं नेमकं उलट आहे: ते निशाचर, त्यामुळे त्यांचा दचका प्रखर उजेडात वाढतो. प्रत्येक प्राणी आपापल्या धोक्याच्या वेळेला सावध असतो.

याचा अर्थ, पहिल्याच सेकंदाला 'धाड्' वाजवलं तर हाती फक्त दचका लागतो. तोच आवाज ऐंशीव्या सेकंदाला, ताण साचल्यावर, दुप्पट काम करतो.

याचं जुनं उदाहरण म्हणजे १९४२ चा 'कॅट पीपल'. निर्माता वॅल ल्यूटन, दिग्दर्शक जॅक टूर्नर. रात्री एक बाई एकटी चालली आहे. मागे पावलं वाजताहेत. मग पावलं थांबतात, आणि शांततेत अचानक फुत्कार ऐकू येतो. ती असते बस! चित्रपटवाले अशा युक्तीला आजही 'ल्यूटन बस' म्हणतात.

संकलन करताना आणखी एक बारकावा लक्षात ठेवा. मोठ्या आवाजाच्या साधारण दशांश सेकंद आधी एखादा बारीक आवाज झाला, तर दचका कमी होतो. मेंदू त्या बारीक आवाजात गुंतलेला असतो. २५ फ्रेमच्या चित्रणात दशांश सेकंद म्हणजे दोन-तीन फ्रेम. धडाक्याच्या अगदी आधी कडीचा 'टक्' राहून गेला असेल, तर तो कापा.

कानाला खरखरीत लागणारा आवाज

डॅनियल ब्लमस्टीन हे जीवशास्त्रज्ञ मार्मोट नावाच्या डोंगरी प्राण्यांच्या हाका अभ्यासत. पिल्लू पकडलं की ते फाटक्या आवाजात किंचाळतं. असे 'ताबा सुटलेले' आवाज चित्रपटांतही वापरतात का, हे पाहायला त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १०२ चित्रपटांचे ध्वनिपट तपासले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात भयपटांमध्ये खरखरीत किंकाळ्या जास्त आढळल्या. २०१५ मध्ये ल्यूक आर्नाल आणि सहकाऱ्यांनी या खरखरीचं माप दिलं. साध्या बोलण्यात आवाजाची पातळी सेकंदाला चार-पाच वेळा वरखाली होते. किंकाळीत ती ३० ते १५० वेळा होते, आणि तितकं वेगाने थरथरणारा आवाज मेंदूतल्या अमिग्डला या भागाला जास्त चाळवतो. धोक्याचे भोंगेही याच पट्ट्यात वाजतात. १९६० च्या 'सायको'मधली बर्नार्ड हरमन यांची व्हायोलिनं आठवा. तीही किंचाळतातच.

यासाठी महागडी ध्वनिसंग्रहाची सीडी नको. स्टीलच्या ताटावर ओला चमचा फिरवा, फरशीवरून पाट ओढा, आणि फोन जवळ धरून ध्वनिमुद्रण करा. प्रत्येक खोलीची तीस सेकंदांची नुसती शांतताही मुद्रित करून ठेवा. ती नसेल तर कापलेल्या जागी आवाज पोकळ होतो, आणि प्रेक्षकाला नेमकं कळलं नाही तरी खटकतं.

एका लोकप्रिय समजुतीबद्दल सांगायला हवं. विक टँडी या अभियंत्याला प्रयोगशाळेत कुणीतरी असल्यासारखं वाटे. कारण निघालं पंखा: त्याच्यामुळे सुमारे १९ हर्ट्झची, कानाला ऐकू न येणारी लहर खोलीत उभी राहत होती. १९९८ मध्ये हे प्रसिद्ध झाल्यापासून बरेच विद्यार्थी ध्वनिपटात १९ हर्ट्झ मिसळतात. अशा लहरींनी माणूस घाबरतोच, याचा पुरावा कच्चा आहे. शिवाय लॅपटॉपच्या स्पीकरमधून ती लहर बाहेरच पडत नाही. तो वेळ ताट-चमच्याला द्या.

उजेड मोजून

डिसेंबरात लेस्टरला सूर्य चारच्या आत मावळतो. त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं आकाश निळं असतं आणि घरातले दिवे पिवळे. रात्रीचा भास देणारं चित्रण याच वेळेत करा. ठार काळोखात फोनचा कॅमेरा प्रकाश वाढवायला धडपडतो आणि चित्रात दाणे येतात.

फोन मूळ सेटिंगमध्ये सेकंदाला ३० फ्रेम घेतो. इथली वीज, भारतासारखीच, ५० हर्ट्झची. त्यामुळे काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि चित्रात पट्टे सरकताना दिसतात. २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचा शटर ठेवला की ते जातात. चेहऱ्यावर खालून उजेड टाकायची युक्ती जुनी आहे, पण तिच्यामागे कारण आहे: प्रकाश वरूनच येतो असं आपला मेंदू धरून चालतो, त्यामुळे खालून उजळलेला ओळखीचा चेहराही परका वाटतो. दोन मिनिटांत ती एकदाच वापरा.

आधी कागद

याच गावात डी माँटफर्ट विद्यापीठात हॅमर या ब्रिटिश भयपट कंपनीच्या पटकथांचा संग्रह आहे. त्यात एक कधीच न चित्रित झालेली पटकथा आहे, अँथनी हाइंड्स यांची, ड्रॅक्युलाला चक्क भारतात आणणारी! २०१७ मध्ये बीबीसी रेडिओ ४ ने ती श्रुतिकेच्या रूपात सादर केली. एकही फ्रेम नसताना ती ऐकवता आली, कारण भीतीची रचना कागदावर होती.

आमच्या विद्यार्थिनीची कल्पना अशी आहे. संध्याकाळी घरात एकटी असलेली मुलगी आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलते आहे. शेवटी कॅमेरा भिंतीकडे वळतो, तर आजीच्या फोटोला हार. मराठी माणसाच्या अंगावर काटा येईल. पण परीक्षकाला तो हार म्हणजे सजावट वाटली तर? संकेत माहीत नसेल तर भीती निर्माण होत नाही. म्हणून तो संकेत आधी शिकवायला हवा. आमची आखणी अशी झाली:

० ते २५ सेकंद: रिकामं घर, श्रेयनामावली. भिंतीवर आजोबांचा फोटो, त्याला चंदनाचा हार, खाली जन्म-मृत्यूची सालं. शेजारचा फोटो फ्रेमबाहेर.

२५ ते ७० सेकंद: फोन वाजतो. आजी विचारते, "जेवलीस का गं?" साधं, मायेचं बोलणं. मागे घराचे आवाज एकेक करून बंद होत जातात.

७० ते १०० सेकंद: आजी म्हणते, "दार उघड, बाहेर थंडी आहे." शांतता. दारावर थाप. इथे एकच दचका.

१०० ते १२० सेकंद: मुलगी दाराकडे जाते, कॅमेरा भिंतीवरच थांबतो. दुसरा फोटो, तसाच हार, तशीच सालं. शीर्षक.

यात भूत कुठेच नाही. सुरुवातीचं काम प्रश्न उभा करायचं, उत्तर द्यायचं नाही. आणि प्रश्नाच्या मुळाशी खरं दुःख आहे: परदेशात वाढलेल्या नातीला आजीच्या शेवटच्या दिवसांत जाता आलं नाही. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'तली उसाची शेतं लक्षात राहतात, पण चित्रपट टोचतो तो स्त्रीभ्रूणहत्येच्या विषयामुळे.

चित्रण बाहेर करायचं तर जागेची परवानगी घ्या. खोटा सुराही रस्त्यावर नेऊ नका. बघणाऱ्याला तो खराच वाटतो आणि पोलीस येतात.

शेवटी प्रयोग

दचका सवयीने बोथट होतो. संकलन करताना तीच थाप पन्नासदा ऐकल्यावर तुम्हाला काहीच वाटणार नाही, आणि ती अजून मोठी करायचा मोह होईल. करू नका, तुमचे कान आता निकामी साक्षीदार आहेत. नवा प्रेक्षक लागतो, आणि प्रत्येक माणूस नवा प्रेक्षक एकदाच असतो. म्हणून दहा मित्र एकदम बोलावू नका. पाच जणांना एक आवृत्ती दाखवा, त्यावरून दुरुस्ती करा, मग उरलेल्या पाच जणांना नवी. दाखवताना पडद्याकडे पाहू नका, त्यांच्या पापण्यांकडे पाहा. "आवडलं का?" असंही विचारू नका, कारण मित्र हो म्हणतातच. "पुढे काय होईल असं वाटतं?" हे विचारा. पाचपैकी चौघांनी दार उघडल्यावर काय दिसेल यावर वाद घातला, तर तुमची दोन मिनिटं जमली.