पोटातल्या जखमेवरचा लेप : सुक्राल्फेट औषध कसं घ्यायचं?



सोयाबीन काढणीच्या दिवसांत कंबर धरते. मग मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणायची, उपाशीपोटी चहासोबत घ्यायची आणि रानात जायचं. काही दिवसांनी पोटात आग पडली की आपण म्हणतो, "पित्त झालंय." कधी ते नुसतं पित्तच असतं. पण कधी जठराला किंवा लहान आतड्याच्या तोंडाशी जखम झालेली असते. तिलाच अल्सर म्हणतात.

अल्सर कशामुळं होतो?

"तिखट कमी खा, लई विचार करू नको," असं सांगून घरचे मोकळे होतात. तिखटानं जळजळ वाढू शकते, पण जखमेची मोठी कारणं दोन आहेत. पहिलं, हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. तो १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या डॉक्टरांनी शोधला. त्यासाठी त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. दुसरं कारण आपल्या पदरालाच बांधलेलं असतं : डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या.

औषध काय करतं?

अल्सरसाठी डॉक्टर कधी कधी सुक्राल्फेटची गोळी किंवा पातळ औषध देतात. पोटातल्या आम्लात ते चिकट होतं आणि जखमेला धरून बसतं. भिंतीच्या भेगेवर आपण लिंपण करतो ना, तसंच. जठरातलं आम्ल जखमेला लागत नाही आणि ती आतून भरू लागते. हा लेप साधारण सहा तास टिकतो. म्हणून औषध दिवसातून दोन ते चार वेळा, बहुतेक वेळा ४ ते ८ आठवडे घ्यावं लागतं.

घेताना एवढं सांभाळा

१. पोट रिकामं हवं. जेवणाआधी एक तास आणि रात्री झोपताना घ्या. जेवणावर घेतलं तर लेप अन्नालाच चिकटतो.

२. बाटली नीट हलवा. माप डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच, बाटलीच्या झाकणानं किंवा मापाच्या कपानं घ्या.

३. दुसऱ्या गोळ्यांमध्ये दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर त्या अंगी लागत नाहीत. थायरॉईडच्या गोळीसाठी चार तास. आम्लपित्ताचं पातळ औषध अर्धा तास आधी किंवा नंतर.

४. बद्धकोष्ठ होऊ शकतं. पाणी, भाजी, ताक वाढवा.

५. किडनीचा आजार असेल तर आधी सांगा. या औषधात अ‍ॅल्युमिनियम असतं, ते अंगात साठू शकतं. साखरेचा आजार असेल, दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तरीही सांगा.

६. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. शेजारणीची उरलेली बाटलीही घेऊ नका.

लेपानं कारण जात नाही

जंतू असेल तर लेपानं तो मरत नाही. त्याला अँटिबायोटिक गोळ्यांचा पूर्ण कोर्स लागतो. तपासणी शौचाच्या नमुन्यावरून, श्वासावरून किंवा दुर्बिणीनं होते. दुखण्याच्या गोळ्या चालूच राहिल्या तर एकीकडं लिंपण आणि दुसरीकडं भिंत उकरणं, असं होईल. काही बाटल्यांत लेपासोबत ऑक्सेटाकेन हे बधिर करणारं औषधही असतं. त्यानं दुखणं लगेच थांबतं, पण म्हणून जखम भरली असं समजू नका.

हे दिसलं तर थांबू नका

रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची संडास, अचानक असह्य पोटदुखी, चक्कर. यातलं काहीही झालं तर लगेच १०८ ला फोन करा. नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय आहे, लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. रक्तवाढीच्या गोळ्यांनीही संडास काळी होते. पण "त्यामुळंच असेल" हे आपण ठरवू नये, डॉक्टरांना ठरवू द्यावं. वजन उतरत असेल किंवा घास अडकत असेल तर तपासणी पुढं ढकलू नका.

बैठकीत बोलूया

• गेल्या महिन्यात आपल्यापैकी कुणी कुणी दुखण्याची गोळी मनानं घेतली? किती दिवस?

• घरातल्या गोळ्यांची पाकिटं पुढच्या बैठकीला आणा. आशाताईंना बोलावून प्रत्येक गोळी कशाची आहे ते विचारून घ्या.

• कुणाचं पोट महिनाभरापासून दुखत असेल, तर तिच्यासोबत प्राथमिक आरोग्य केंद्रात कोण जाणार, ते त्याच बैठकीत ठरवा.

बचतीचा हप्ता आपण चुकवत नाही, ताई. पोटाची तपासणीही चुकवायची नाही.