संसदेचीं दोन सभागृहें : आपलें मत दिल्लीस कोणत्या वाटेनें जातें ?

एका निवडणुकीनंतर एका खेड्यांतील मंडळीसमवेत सायंकाळीं बसलों असतां एका वृद्ध बंधूंनीं प्रश्न केला, “पाळकसाहेब, आम्हीं एक खासदार निवडला. पण वर्तमानपत्रांत दुसऱ्याही एका सभेचे खासदार छापून येतात. त्यांस मत देण्यास आम्हांस कोणीं बोलाविलें नाहीं. मग ते कोणाचे ?” प्रश्न मार्मिक होता; आणि तेथें बसलेल्या शिकलेल्या मंडळीपैकीं कोणासही त्याचें नीट उत्तर देतां येईना. म्हणून हा पाठ.

आपल्या संसदेंत राष्ट्रपति, लोकसभा व राज्यसभा हीं तीन अंगें आहेत. दोन सभागृहांची रीत स्वातंत्र्यानंतरच आली असें नव्हे. १९१९ च्या कायद्यान्वयें १९२१ सालापासून वरिष्ठ व कनिष्ठ अशीं दोन कायदेमंडळें बसूं लागलीं होतीं. परंतु त्या काळीं मताचा हक्क मुख्यत्वेंकरून सारा, कर व मालमत्ता यांवर अवलंबून असल्यामुळें शेतमजुरास तो बहुधा नसे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत २१ वर्षें पुरीं झालेल्या स्त्रीपुरुषांस तो मिळाला, व १९८९ पासून ही वयाची अट १८ वर्षांवर आली.

लोकसभेची निवडणूक समजण्यास सोपी आहे. २००८ च्या पुनर्रचनेप्रमाणें ५४३ मतदारसंघ. पैकीं महाराष्ट्रांत ४८ व गोव्यांत २. प्रत्येकांतून एकच सभासद निवडावयाचा. ज्यास सर्वांहून अधिक मतें तो आला. निम्म्याहून अधिक मतें हवींत असा नियम नाहीं. शंभर मतांपैकीं ३६, ३४ व ३० अशी वांटणी झाली, तर ३६ वाला निवडून येतो, जरी ६४ जणांनीं दुसऱ्यांस पसंत केलें असलें तरी. सभेची मुदत पांच वर्षें. पण ती मध्येंच विसर्जितही होऊं शकते.

त्याच पुनर्रचनेंत ८४ जागा अनुसूचित जातींसाठीं व ४७ जागा अनुसूचित जमातींसाठीं राखण्यांत आल्या. आपल्या प्रांतांत शिर्डी, लातूर व सोलापूर हे पहिल्या प्रकारचे, तर नंदुरबार हा दुसऱ्या प्रकारचा मतदारसंघ. अशा ठिकाणीं उमेदवार मात्र त्या वर्गाचा असावा लागतो. मत सर्वांनीं द्यावयाचें असतें. पुष्कळांचा येथें घोटाळा होतो. आपल्या वाचकांस ठाऊक असावी अशी आणखी एक गोष्ट : १९५० च्या आदेशानें अनुसूचित जातींत केवळ हिंदूंचीच गणना केली, १९५६ सालीं शीख व १९९० सालीं बौद्ध यांचा त्यांत समावेश झाला, परंतु ख्रिस्ती यांचा झाला नाहीं. जमातींस अशी धर्माची अट लाविलेली नव्हती. ह्या भेदाचें दुःख आपल्या किती घरांत आहे हें येथें लिहिण्याची गरज नाहीं.

आतां त्या बंधूंच्या प्रश्नाकडे वळूं. राज्यसभेंत २४५ जागा. त्यांपैकीं १२ जणांस राष्ट्रपति नेमतात, व २३३ जणांस राज्यांतील आमदार निवडतात. महाराष्ट्राच्या वांट्यास १९ जागा व गोव्याच्या वांट्यास एक. मत विधानसभेच्या निवडून आलेल्या सभासदांसच. विधानपरिषदेच्या सभासदांस नाहीं. ही सभा कधींच विसर्जित होत नाहीं. सभासदाची मुदत सहा वर्षें, आणि दर दोन वर्षांनीं सुमारें एकतृतीयांश सभासद निवृत्त होतात.

येथील मतमोजणी निराळी आहे. आमदार एकाच नांवापुढें खूण करीत नाहीं. पहिली पसंती कोण, दुसरी कोण, असे आंकडे लिहितो. प्रत्येक मताचें मोल १०० धरितात. धान्य मोजतांना एक माप शिगोशीग भरलें कीं उरलेले दाणे जसे दुसऱ्या मापांत घालावे, तसें येथें करितात. २०२२ च्या जून महिन्यांतील महाराष्ट्राची निवडणूक पाहा. जागा सहा, उमेदवार सात. एक मत रद्द होऊन २८४ ग्राह्य ठरलीं. त्यांचें मोल २८,४००. जागांहून एक अधिक, म्हणजे सातानें, त्यास भागून बाकी सोडून एक मिळविला, तेव्हां माप ठरलें ४,०५८. पहिल्या पसंतीच्या मोजणींत दोघांस ४८-४८, इतर तिघांस ४४, ४३ व ४१ मतें पडलीं. हे पांच आले. उरलेल्या दोघांपैकीं एकास ३३ व दुसऱ्यास २७. सामान्य हिशेबानें ३३ वाला यावयाचा. परंतु आला २७ वाला! कारण ४८ मतें मिळालेल्या प्रत्येकाजवळ मापाहून ७४२ चें मोल शिल्लक होतें, आणि त्यांच्या मतदारांची दुसरी पसंती ह्या २७ वाल्याकडे वळली होती. ३३ वाल्याच्या साह्यास येण्याजोगी शिल्लक इतरांजवळ थोडीच होती.

ह्या सभेस कामें काय ? धनविधेयक ती १४ दिवसांहून अधिक काळ अडवूं शकत नाहीं, व त्याविषयीं तिच्या सूचना लोकसभेनें स्वीकारल्याच पाहिजेत असें नाहीं. इतर विधेयकांवर दोघींचें जुळलें नाहीं तर राष्ट्रपति संयुक्त बैठक बोलावूं शकतात. १९६१ सालीं हुंड्याच्या कायद्यासाठीं अशी पहिली बैठक झाली, नंतर १९७८ व २००२ सालीं. पण घटना बदलावयाची तर प्रत्येक सभेनें ती दुरुस्ती स्वतंत्रपणें मान्य केली पाहिजे, तेथें संयुक्त बैठकीचा उपाय नाहीं. म्हणून ही सभा केवळ शोभेची आहे असें म्हणणाऱ्यांशीं मी सहमत नाहीं.

हें सर्व ऐकून ते बंधु म्हणाले, “म्हणजे आमदार निवडतांनाच आम्हीं अर्धें मत त्या सभेसही देतों !” मीं होकार दिला. मग त्यांनीं विचारलें, “आमदारांचें तें मत आमच्यासारखेंच गुप्त असतें काय ?” नाहीं. २००३ सालीं कायदा बदलला, आणि पक्षाच्या आमदारानें आपली मतपत्रिका पेटींत टाकण्यापूर्वीं पक्षाच्या नेमलेल्या मनुष्यास दाखवावी असें ठरलें. मतें विकलीं जातात अशी तक्रार होती, म्हणून. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा बदल कायम केला. वृद्ध बंधु थोडा वेळ गप्प राहिले व मग म्हणाले, “आमचें झांकलेलें, त्यांचें उघडें; बरें आहे. आम्हांस कोणी धमकावूं नये, आणि त्यांनीं आम्हांस फसवूं नये.”