हिमाची ठेव, पाण्याचे देणे

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

आपल्या कॉलेजच्या कन्नड विभागातील एका मित्राने मला एकदा विचारले, "तुमच्या मराठीत स्नोला काय म्हणतात?" मी म्हणालो, "बर्फ." "आणि आईसला?" तेही बर्फच! तो हसला खरा, पण त्याचीही गत निराळी नव्हती. कन्नडात 'मंजु' म्हणजे धुके, दव आणि आकाशातून पडणारे हिमसुद्धा. ते घट्ट झाले की 'मंजुगड्डे'. आपल्या मुलखात जे पडतच नाही, त्याला दोन्ही भाषांनी वेगळा शब्द कशाला राखून ठेवावा? या लेखापुरते मी असे ठरवितो, की आकाशातून कापसासारखे पडते ते हिम, आणि नदी गोठून जो कठीण थर बनतो तो बर्फ. पुढे हा भेद उपयोगी पडणार आहे.

विम्याच्या पेपरचा अभ्यास करताना अमेरिकेतील जानेवारी १९९६ च्या वादळाविषयी माझ्या वाचनात आले. आधी हिम आणि मग पूर, असे दोन तडाखे त्या देशाच्या पूर्व भागाला दोन आठवड्यांच्या आत बसले. दोन्ही मिळून १८७ माणसे दगावली आणि सुमारे तीनशे कोटी डॉलरचे नुकसान झाले. परंतु मला नवल वाटले ते या आकड्यांचे नव्हे. पुराचे बरेचसे पाणी आधीच्या वादळात पडलेलेच होते, ते बारा दिवस लोकांच्या अंगणात नि छपरावर पडून होते, आणि तरीही पूर आला तेव्हा अनेकांची तारांबळ उडाली.

प्रथम वादळाविषयी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिवाळ्यात अशी वादळे होतात, त्याचे कारण शेजार. उत्तरेस कॅनडाकडून येणारी कोरडी, गोठलेली हवा आणि समुद्रात गल्फ स्ट्रीम हा उबदार प्रवाह. किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा तयार झाला की तो समुद्रावरची ओल उचलतो आणि जमिनीवर ठाण मांडून बसलेल्या थंड हवेवर नेऊन टाकतो. ६ ते ८ जानेवारी १९९६ या तीन दिवसांत हेच घडले. फिलाडेल्फियात ३०.७ इंच हिमाची नोंद झाली, न्यूअर्कला २७.८, तर न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये २०.२ इंच. गंमत अशी, की अंदाजपत्रकाच्या भांडणामुळे तीन आठवडे बंद पडलेल्या केंद्र सरकारच्या कचेऱ्या त्याच सोमवारी, ८ तारखेला, उघडायच्या होत्या. भांडण मिटले, पण हिमाने कुलूप घातले.

आता वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने हिशेब मांडायला हवा. ढोबळ मानाने दहा इंच हिम वितळले की एक इंच पाणी होते. हिम भुसभुशीत असले तर कमी, ओलसर असले तर जास्त. म्हणजे तीस इंच हिम म्हणजे तीन इंच, सुमारे ७५ मिलिमीटर पाणी. एक चौरस किलोमीटर जमिनीवर हे साडेसात कोटी लिटर होते! पाऊस हे चालू खाते आहे. पडला तसा ओढ्यात गेला, ओढ्यातून नदीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बळ्ळारी नाल्याने आपल्याला हे खाते दाखवलेच आहे. हिम मात्र मुदत ठेव आहे. जमा आज होते, पण पैसे परत कधी आणि कोणत्या हप्त्याने मिळणार हे पावतीवर लिहिलेले नसते.

ठेव हप्त्याहप्त्याने परत मिळाली तर तिच्यासारखे सुख नाही. आपल्याच देशात पाहा. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ हिवाळ्यात हिमालयावर हिम टाकून जातात. ते उन्हाळ्याच्या तोंडाशी हळूहळू वितळते, सतलजमधून भाक्रा धरणात येते आणि मान्सून पोहोचण्यापूर्वी तिकडच्या शेतांना पाणी मिळते. पण सगळे ठेवीदार एकाच सकाळी पावत्या घेऊन दारात उभे राहिले, तर उत्तम बँकदेखील टिकत नाही. १९ जानेवारी १९९६ रोजी तसेच झाले.

त्या दिवशी दक्षिणेकडून उबदार, दमट वारा सुटला. काही दिवसांपूर्वी जेथे सारे गोठलेले होते, तेथे तपमान १५ अंश सेल्सिअसच्या आसपास गेले आणि मुसळधार पाऊस लागला. पेन्सिल्व्हेनियात आणि आसपास काही ठिकाणी दोन ते तीन इंच पाऊस पडला. सर्वसाधारण समजूत अशी, की गरम पावसाने हिम वितळवले. मलाही तसेच वाटले होते. पण शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा आठवा. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास ८० कॅलरी लागतात. दहा अंश तपमानाचा एक ग्रॅम पाऊस शून्यापर्यंत थंड होताना फक्त १० कॅलरी देतो. म्हणजे ५० मिलिमीटर पाऊस पडला तरी त्याच्या उष्णतेने जेमतेम सहा मिलिमीटर पाणी सुटेल. एवढ्याने ठेव मोडत नाही.

मग ती मोडली कोणी? गार पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, हे आपण रोज पाहतो. हवेतील वाफ थंड तांब्यावर पाणी होऊन बसते आणि बसताना आपली उष्णता तांब्याला देऊन जाते. वाफेचे एक ग्रॅम पाणी झाले की सुमारे ६०० कॅलरी सुटतात. तेवढ्यात साडेसात ग्रॅम बर्फ वितळतो! त्या रात्री शेकडो मैलांवरचे हिम हाच थंडगार तांब्या झाले होते, आणि जोराचा दमट वारा नवी नवी वाफ आणून त्यावर ओतत होता. त्यात वाऱ्याची स्वतःची ऊब मिळाली. खरा वसुली अधिकारी वारा, पाऊस नुसता साक्षीला. (पावसाचे स्वतःचे पाणी पुरात जमा झाले, हे अर्थात खरेच.)

त्यातच पुष्कळ ठिकाणी जमीन गोठलेली. गोठलेल्या मातीत पाणी मुरत नाही. सिमेंटच्या अंगणावर ओतल्यासारखे ते निसटते. वितळलेले आणि पडलेले असे दोन्ही पाणी एकदमच नद्यांत उतरले.

आता सुरुवातीला केलेला भेद पाहू. डोंगरावर हिम होते, पण सस्क्वेहाना नदीवर बर्फ होता. नदी फुगल्याबरोबर तो थर फुटला, त्याचे मोठमोठे तुकडे वाहू लागले आणि अरुंद जागी, पुलांच्या खांबांपाशी, अडकून त्यांचे बांध तयार झाले. बांधामागे पाणी तासातासाला चढे, बांध फुटला की लोंढा खाली धावे. हॅरिसबर्ग येथे नदीची पूरपातळी १७ फूट मानतात; तेथे पाणी २५ फुटांवर गेले. तेथील वॉलनट स्ट्रीटचा लोखंडी पूल १८९० सालचा. १९७२ च्या अॅग्नेस वादळानंतर तो फक्त पादचाऱ्यांसाठी उरला होता. बर्फाने त्याचे पश्चिमेकडील गाळे खांबांवरून ढकलून नदीत नेले, आणि तो भाग आजही तुटलेलाच आहे. वरच्या अंगाला विल्क्स-बॅरी येथे पाणी ३४ फुटांच्या वर चढले. त्या खोऱ्यातील सुमारे एक लाख लोकांना घरे सोडण्यास सांगण्यात आले. सुदैवाने तटबंदी टिकली. १९७२ साली तेथे पाणी सुमारे ४१ फूट चढून शहर बुडाले होते. त्या आठवणीने माणसे निमूटपणे बाहेर पडली असणार, असे मला वाटते.

आता विमा, म्हणजे माझ्या अभ्यासाचा मूळ विषय. अमेरिकेतील घराच्या सर्वसाधारण पॉलिसीत हिमाच्या भाराने छप्पर कोसळले तर भरपाई मिळते. पण तेच हिम वितळून, जमिनीवरून वाहून, नदीतून दारात आले तर तो पूर; आणि पूर त्या पॉलिसीतून वगळलेला असतो. पाणी तेच, घर तेच, पण छपरावर असताना ते एका वहीत आणि उंबऱ्यावर आले की दुसऱ्या वहीत. पुराचा विमा बहुतेकांना १९६८ च्या कायद्याने सुरू झालेल्या सरकारी योजनेतून वेगळा घ्यावा लागतो.

त्या योजनेत एक कलम आहे. पॉलिसी घेतल्यावर ती लागू होण्यास साधारणपणे तीस दिवस थांबावे लागते. पूर्वी ही मुदत पाचच दिवसांची होती. १९९३ च्या मिसिसिपीच्या महापुरात वरून येणारे पाणी आपल्या गावी पोहोचण्याआधी पॉलिसी घेणारे पुष्कळ निघाले, तेव्हा १९९४ च्या कायद्याने ती तीस दिवसांची केली. विमा कंपनीच्या बाजूने पाहता हे न्याय्यच आहे, कारण आग लागल्यावर आगीचा विमा कोण देईल? पण हा हिशेब पाहा. एखाद्या शहाण्या माणसाने ८ जानेवारीला अंगणातील ढीग पाहून, हे पाणीच आहे हे ओळखून, त्याच दिवशी पुराचा विमा घेतला असता, तर तो लागू होणार ७ फेब्रुवारीला. पूर आला २० जानेवारीला. ठेव डोळ्यांसमोर असूनही तिच्यापासून संरक्षण घेण्याची वेळ हिम पडण्यापूर्वीच टळून गेली होती.

आपल्याकडे आगीच्या प्रमाणित पॉलिसीतच वादळ आणि पूर हे धोके येतात, हे वर्गात ऐकले तेव्हा मला घटप्रभेकाठच्या गावातले माझे मामा आठवले. त्यांच्या किराणा दुकानाची तशी पॉलिसी होती. २०१९ च्या जुलैत तिची मुदत संपली. मामी म्हणाल्या, "आत्ताच भरून टाका." मामा म्हणाले, "नागपंचमी होऊ दे, मग भरू." नागपंचमी ५ ऑगस्टला झाली. त्याच आठवड्यात नदी दुकानात आली आणि साखरेची पोती जागेवरच विरघळली. मी तेव्हा शाळेत होतो; चिखलातून कोरड्या राहिलेल्या वह्या शोधायला मला पाठवले होते. एक उधारीची वही तेवढी वरच्या फळीवर सुरक्षित सापडली.