वीतभर बाहुलीचा पोशाख

महाराष्ट्रातील मुलींच्या हाती पूर्वी एक लाकडी बाहुली असे. तिचे नाव ठकी. लाकूड तासून तिचे अंग घडवावे आणि त्यावर रंगांनी लुगडे, चोळी, कुंकू व दागिने रेखाटावेत, अशी तिची रीत होती. त्यामुळे ठकीला वस्त्रांचा खर्च कधी पडलाच नाही. दुसरी बाहुली चिंध्यांची. ती आजी किंवा आई घरीच करीत असे. जुन्या धोतराचे अंग, काळ्या दोऱ्याचे केस आणि चोळी शिवून उरलेल्या खणाचे वस्त्र, एवढ्यावर ती सजे. पुण्याच्या जुन्या वाड्यांतून अशा बाहुला-बाहुलींची लग्ने मोठ्या थाटाने लागत. मुले वरपक्ष आणि वधूपक्ष होत, बोटभर मुंडावळ्या बांधल्या जात, अक्षता पडत आणि भातुकलीच्या भांड्यांतून पंगतीही उठत. परंतु वधूच्या शालूसाठी दुकानाची पायरी चढण्याची वेळ कोणावर येत नसे. शिंप्याकडची एखादी रेशमी चिंधी मिळाली की काम भागे.

खेळण्याची बाहुली निराळी आणि संग्रहाची बाहुली निराळी. खेळण्याच्या बाहुलीवर प्रेम करावयाचे. ती मळते, फाटते, हरवतेही. संग्रहाची बाहुली जपून ठेवावयाची, इतरांस दाखवावयाची आणि तिच्याकडून काही शिकावयाचे. दिल्लीला अशा बाहुल्यांचे एक मोठे संग्रहालय आहे. सुप्रसिद्ध व्यंगचित्रकार के. शंकर पिळ्ळई यांनी ते १९६५ साली सुरू केले. हंगेरीच्या राजदूताने बालकांच्या स्पर्धेसाठी दिलेली एक बाहुली शंकर यांना फार आवडली आणि तेथून त्यांना संग्रहाचा छंद जडला. आज तेथे ८० हून अधिक देशांच्या बाहुल्या आहेत. भारतातील निरनिराळ्या प्रांतांचे वेष ल्यालेल्या बाहुल्याही तेथे तयार केल्या जातात.

आपल्या पुण्यात कै. दिनकर गंगाधर केळकर यांनी उभारलेले राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय आहे. आपल्या अल्पायुषी मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ त्यांनी ते उभारले आणि पुढे सारा संग्रह महाराष्ट्र शासनास अर्पण केला. त्यांनी केवळ सोन्यामोत्यांच्या वस्तू जमविल्या नाहीत. दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्ये, वस्त्रे अशा नित्याच्या वापरातील वस्तूही त्यांनी गावोगाव हिंडून मिळविल्या. माणसे कशी राहत होती हे अशा साध्या वस्तूंवरून कळते. बाहुलीचा पोशाखही असाच आहे. कोळिणीच्या बाहुलीला राजकन्येचा जरतारी शालू नेसविला, तर ती सुंदर दिसेल, पण खोटे सांगेल. म्हणून संग्रहातील बाहुलीसाठी वस्त्र घेताना पहिला प्रश्न ‘हे सुंदर आहे का?’ हा नसून ‘हे हिचे आहे का?’ हा असतो.

दुसरा प्रश्न मापाचा. बाहुली २५ सेंटिमीटर उंच आहे आणि ती १५० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीची प्रतिकृती आहे, असे समजा. म्हणजे बाहुली त्या स्त्रीच्या एक षष्ठांश झाली. नऊवारी लुगडे सुमारे ८२० सेंटिमीटर लांब व ११५ सेंटिमीटर रुंद धरले, तर बाहुलीचे लुगडे सुमारे १३७ सेंटिमीटर लांब व १९ सेंटिमीटर रुंद होईल. लांबी सहापट घटली आणि रुंदीही सहापट घटली. म्हणून कापड छत्तीसपट कमी लागले. हे गणित ध्यानात आले की बाहुलीसाठी किती थोडे कापड पुरते, याचे नवल वाटते.

परंतु येथे एक अडचण आहे. लांबी-रुंदी घटते, कापडाची जाडी मात्र घटत नाही. आपल्याला जे लुगडे मऊ वाटते, ते बाहुलीच्या अंगावर सतरंजीसारखे ताठ उभे राहते. त्याच्या निऱ्या पडत नाहीत, ओचा फुगतो आणि कासोटा बसत नाही. म्हणून बाहुलीसाठी मलमलीसारखे पातळ, वारंवार धुऊन मऊ झालेले सुती कापड उत्तम. निऱ्याही थोड्या कमी घ्याव्यात, म्हणजे १०० सेंटिमीटर लांबीवर काम भागते. एक मीटर लांब व ९० सेंटिमीटर रुंद कापडातून अशा चार पट्ट्या निघतात आणि वर १४ सेंटिमीटरांची पट्टी चोळ्यांसाठी उरते. नक्षीचेही तसेच. तीन सेंटिमीटरांचा बुट्टा आपल्या साडीवर लहान दिसतो. बाहुलीच्या अंगावर तोच अठरा सेंटिमीटरांच्या बुट्ट्याएवढा भासतो. यासाठी बारीक चौकडी, बारीक रेघ किंवा अगदी लहान ठिपका असलेले कापड निवडावे.

पुण्यात हे सारे मिळविणे कठीण नाही. पेशवाईच्या काळात नारो अप्पाजी खिरे यांनी उभारलेल्या राममंदिराभोवती तुळशीबागेची प्रसिद्ध बाजारपेठ आहे. भातुकली, खेळणी, देवांची लहान लहान वस्त्रे यांची दुकाने तेथे दाटीने वसलेली आहेत. लक्ष्मी रस्त्यावर साड्यांची व कापडाची मोठी दुकाने आहेत. रविवार पेठेतील बोहरी आळीत तऱ्हेतऱ्हेचे किरकोळ सामान मिळते. तथापि बाजारात जाण्यापूर्वी घरातील कपाट उघडावे. आईच्या जुन्या पातळाचा काठ, आजोबांच्या विरलेल्या धोतराचा धडका भाग, शिवणाऱ्या बाईंकडे उरलेले खणाचे तुकडे, यांतून निम्मी खरेदी घरातच होते.

आता तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, किमतीचा. तयार पोशाखाची किंमत ऐकून पुष्कळ मुले म्हणतात, “एवढ्याशा कपड्याला एवढे पैसे?” कापड छत्तीसपट कमी, तर किंमतही छत्तीसपट कमी हवी, असे त्यांना वाटते. पण कापड घटले म्हणून कष्ट घटत नाहीत. आपल्या चोळीची बाही ३० सेंटिमीटर घेराची असेल, तर बाहुलीची बाही ५ सेंटिमीटर घेराची होते. ती शिवणयंत्राखाली नीट फिरत नाही. बहुधा हातानेच शिवावी लागते. टाके अधिक बारीक, कडेची दुमड अधिक नाजूक आणि उलटून सरळ करताना शिवण उसवण्याचे भय निराळेच! म्हणून वीतभर पोशाखाला पुष्कळदा मोठ्या कपड्याएवढाच वेळ जातो.

जगातही हाच अनुभव आहे. १९५९ साली अमेरिकेत बार्बी नावाची बाहुली विक्रीस आली. तिच्यासाठी निरनिराळे पोशाख स्वतंत्रपणे विकले जात. त्या आरंभीच्या काळात हे इवलेसे कपडे जपानमध्ये तयार होत आणि त्यांतील पुष्कळसे काम तेथील स्त्रिया आपापल्या घरी बसून करीत. कारखाने मोठे, यंत्रे मोठी. तरी बाहुलीच्या पोशाखासाठी माणसाचा हात लागलाच.

एक उदाहरण घेऊ. एका पोशाखाची किंमत २२० रुपये आहे असे समजा. त्यात कापडाचे २०, काठ व बंद यांचे ३०, दुकानदाराचे ५० आणि दोन तासांच्या शिलाईचे १२० रुपये आहेत. आपण घासाघीस करून तो पोशाख १६० रुपयांस मिळविला. आपल्याला आनंद झाला. पण कमी झालेले ६० रुपये कोठून आले? कापडवाल्याने आपला भाव कमी केला नाही, दुकानदारानेही आपला वाटा सोडला नाही. ते साठ रुपये शिवणाऱ्या बाईंच्या मजुरीतून गेले; त्यांची मजुरी निम्मी झाली. भाव विचारणे, दोन दुकाने पाहणे, चूक असल्यास दाखविणे यात काही वावगे नाही. परंतु काटकसर आपल्या हौसेतून करावी, दुसऱ्याच्या पोटातून करू नये.

मग थोड्या पैशांत संग्रह सजवावा कसा? त्यासाठी अंदाजपत्रक हवे. समजा, शाळेच्या संग्रहात चार बाहुल्या आहेत: नऊवारी नेसलेली गृहिणी, बंडी व फेटा घातलेला शेतकरी, कोळीण आणि वारकरी. वर्गाने ६०० रुपये जमविले आहेत. चारही पोशाख शिवून घ्यावयाचे म्हटले, तर प्रत्येकी २२० प्रमाणे ८८० रुपये लागतील. म्हणजे २८० रुपये कमी पडतात. अशा वेळी तीन वाटा दिसतात. चारही पोशाख स्वस्त, चकचकीत आणि कसेबसे घ्यावेत. शिवणाऱ्या बाईंना अडवून भाव पाडावा. किंवा जे आपल्या हाताने होण्यासारखे आहे ते आपण करावे. पहिल्या वाटेने संग्रह खोटा होतो, दुसरीने अन्याय होतो. म्हणून तिसरी वाट धरावी.

चोळी आणि बंडी यांचे शिवण कठीण, म्हणून गृहिणी व शेतकरी यांचे पोशाख जाणत्या हाताकडून शिवून घ्यावेत. वारकऱ्याचे धोतर व उपरणे म्हणजे सरळ पट्ट्याच. त्या जुन्या धोतरातून निघतील. त्याचा सैल सदरा आणि कोळिणीचे वस्त्र मुलांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली करावे. मग हिशेब असा होतो:

दोन पोशाखांची शिलाई व सामान – ४४० रुपये
कोळिणीच्या वस्त्रासाठी कापड – ४० रुपये
सुया, दोरा व बंद – ४० रुपये
ठेवण्यासाठी पुठ्ठ्याची पेटी – २० रुपये
अडीअडचणीसाठी राखीव – ६० रुपये
एकूण – ६०० रुपये

राखीव रक्कम पाहून कोणी म्हणेल, “हे पैसे उगाच अडकले.” पण एखादी चोळी मापात बसली नाही किंवा कापड धुताच आटले, तर याच रकमेतून काम निभावते. खर्च न झाल्यास ती पुढच्या बाहुलीसाठी शिल्लक राहते.

वस्त्र घेतल्यावर ते टिकविणे हीसुद्धा बचतच आहे. गडद लाल, काळे किंवा निळे कापड प्रथम ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे. फडक्यावर रंग उतरला, तर तो बाहुलीच्या अंगावरही उतरेल, आणि प्लॅस्टिकच्या बाहुलीवर पडलेला असा डाग सहसा निघत नाही. अशा वस्त्राला आतून पांढरे अस्तर लावावे. लोखंडी टाचण्या टोचून ठेवू नयेत; त्या गंजतात आणि कापड खातात. बाहुली उन्हात मांडू नये, कारण उन्हाने रंग विटतात. पावसाळा संपला की वस्त्रे सावलीत वाऱ्यावर टाकावीत आणि मऊ, स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवावीत.

शेवटी प्रत्येक बाहुलीजवळ एक लहानशी चिठ्ठी ठेवावी. तिच्यावर वेषाचे नाव, तो कोठला आहे, कापड कोणते आणि पोशाख कोणत्या वर्षी तयार झाला हे लिहावे. त्याखाली आणखी एक ओळ अवश्य लिहावी: तो कोणी शिवला. बाहुली पाहणारा माणूस सहसा बाहुलीचेच कौतुक करून पुढे जातो. ज्या हातांनी रात्री दिव्याखाली बसून पाच सेंटिमीटरांच्या बाहीला टाके घातले, ते हात त्याला दिसत नाहीत. त्या एका ओळीमुळे ते त्याला दिसतील.

शब्दार्थ

वेष – पोशाख
प्रतिकृती – हुबेहूब नक्कल
षष्ठांश – सहावा भाग
धडका – न फाटलेला, शाबूत
वावगे – अयोग्य
अंदाजपत्रक – होणाऱ्या जमाखर्चाची आगाऊ मांडणी

स्वाध्याय

१. ठकीला वस्त्रांचा खर्च का पडत नसे?
२. ‘ती सुंदर दिसेल, पण खोटे सांगेल,’ असे लेखकाने का म्हटले आहे?
३. कापड छत्तीसपट कमी लागूनही पोशाखाची किंमत त्या मानाने कमी का होत नाही? कारणे सांगा.
४. ‘काटकसर आपल्या हौसेतून करावी, दुसऱ्याच्या पोटातून करू नये.’ या वाक्याचा अर्थ पाठातील उदाहरणाच्या साहाय्याने स्पष्ट करा.
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा: छंद जडणे, काम भागणे, घासाघीस करणे, निभावणे.
६. एका बाहुलीची उंची ३० सेंटिमीटर आहे. ती १५० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीची प्रतिकृती असल्यास तिच्या नऊवारी लुगड्याची लांबी किती असावी?
७. उपक्रम: घरात उरलेल्या कापडाच्या तुकड्यांची यादी करा. त्यांतून एका बाहुलीचा पोशाख तयार करण्यासाठी ५० रुपयांचे अंदाजपत्रक मांडा व ते वर्गात वाचून दाखवा.