गाजरावर राग काढू नकोस

परवा जेवताना तू कोशिंबिरीची वाटी बाजूला सारलीस. गाजरात साखर असते म्हणालीस, मोबाइलवरच्या ॲपने ती लाल रंगात दाखवली होती. चारचौघांत मी काही बोलले नाही. आता निवांत ऐक.

गाजरात साखर असते, हे खरंच आहे. १०० ग्रॅम गाजरात साधारण ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. बिटात थोडी जास्त, ७ ग्रॅमच्या आसपास. पण आपल्याकडे कोशिंबिरीत चवीपुरती म्हणून चमचाभर साखर वरून पडते, ती बंद कर आणि गाजर खुशाल खा. खरी मोजायची गोष्ट तुझा चहा आहे. दिवसाला तीन कप, प्रत्येकात दोन चमचे. झाली की २५-३० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जी मर्यादा सांगितली, ती वरून घातलेल्या साखरेची. मध आणि फळांचा रससुद्धा त्यात धरला आहे. दिवसभराच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी, आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण २५ ग्रॅम. अख्ख्या फळातली आणि भाजीतली साखर त्यांनी त्या हिशेबात घेतलेलीच नाही.

का घेतली नाही, ते तुला संत्रं सोलताना कळेल. एक संत्रं सोलून, फोडी चावून खाता खाता पोटाला काहीतरी मिळाल्यासारखं वाटतं. रसाच्या ग्लासात तीन-चार संत्री जातात, चोथा गाळणीत राहतो, आणि ग्लास दोन मिनिटांत रिकामा होतो. तासाभरात परत भूक. म्हणून वजन उतरवायचं असेल तोवर फळ दातांनी खायचं, प्यायचं नाही. सकाळच्या कोमट पाण्यातला मध आणि चहातला गूळ यांनाही साखरच समज, बाळा. ‘नैसर्गिक’ म्हटल्याने उष्मांक कमी होत नाहीत.

बेदाण्यांचंही तसंच. तासगावकडे साधारण चार किलो द्राक्षं वाळली की एक किलो बेदाणा होतो. पाणी उडतं, साखर तिथेच राहते. काम करताना तू वाटीतून मूठ मूठ उचलतेस, ती एकेक मूठ म्हणजे द्राक्षांचा चांगला घोस. खजुराचे दोन दाणे पुरेत, आणि तेही चतुर्थीला.

दुपारी चारला जी भूक लागते ना, तिच्यासाठी पेरू ठेव. १०० ग्रॅम पेरूत ५ ग्रॅमच्या वर चोथा असतो, बिया चावायला वेळ लागतो. चिमूटभर मीठ-तिखट लावून खाल्लास तर फरसाणाचा डबा उघडावासा वाटणार नाही. पपई, कलिंगडही चालेल. केळं वर्ज्य नाही, पण दिवसाला एक. शिकरणात मात्र एकाची दोन केळी होतात आणि वर साखर पडते, ते राहू दे.

आता आंब्याचं. एप्रिल-मे आला की तू आंब्याला हात लावणार नाहीस म्हणतेस, ते ऐकून मला वाईट वाटलं. वर्षातले दोन महिने येणारं फळ आहे ते. मध्यम हापूसच्या गरात वीस-पंचवीस ग्रॅम साखर आणि शंभराच्या आसपास उष्मांक असतात. एवढ्याने कोणाचं वजन वाढत नाही. वाढतं ते आमरसाने. वाटीत दोन-तीन आंबे, त्यात साखर, वर तुपाचा चमचा, शेजारी टम्म पुऱ्या, आणि दुसरी वाटी आग्रहाची. माझी आई रायवळ आंबे बादलीत भिजत टाकायची आणि आम्ही ते परसात बसून चोखायचो. कोय पांढरी होईपर्यंत एकच आंबा पुरायचा. तसा खा. ज्या दिवशी आंबा, त्या दिवशी एक पोळी कमी घे, जेवणानंतरचं गोड नको.

हे सगळं तुझ्यासाठी आहे, तुझ्या बाबांसाठी नाही. त्यांना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. त्यांनी कुठलं फळ किती खायचं, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच.

रविवारी ये. सकाळी दोन हापूस पाण्यात टाकून ठेवते. एक तुझा, एक माझा. कोशिंबीरही करते, बिनसाखरेची. दाण्याचं कूट आणि लिंबू घालून बघ कशी लागते.