परगांवीं राहणारा मालक आणि खंडानें दिलेली जमीन

आमच्या वाचकांपैकीं बऱ्याच जणांचीं मुलें आतां नोकरीनिमित्त परगांवीं असतात. कित्येक वाचक स्वतःच मुलांजवळ पुण्यामुंबईस जाऊन राहिले आहेत. गांवची जमीन विकावीशी वाटत नाहीं, व तें योग्यच आहे. अशा वेळीं ती कोणास तरी खंडानें किंवा वाट्यानें देऊन वर्षाकाठीं येईल तें घेणें, एवढाच मार्ग पुष्कळांना दिसतो. दुरून डोंगर साजरे या न्यायानें ही व्यवस्था प्रथम सुखाची वाटते. परंतु जमीन म्हणजे पेढींत ठेवलेलें द्रव्य नव्हे. द्रव्याचें व्याज घेतलें तरी मुद्दल कायम राहतें. जमिनीचें मुद्दल मात्र व्याजाबरोबर नकळत खर्च होऊं शकतें. दूर राहून हें मुद्दल कसें राखावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

अंतरामुळें काय बिघडतें

आमचीच एक गोष्ट सांगतों. आमचें साडेतीन एकरांचें काळें रान आम्हीं सात वर्षें खंडानें दिलें होतें. खंड वेळेवर येई, म्हणून तेथें जाण्याचें आम्हांस कारण वाटलें नाहीं. आठव्या वर्षीं गेलों तेव्हां खालच्या अंगाची ताल फुटून घळ पडलेली, हरळी बांधावरून रानांत शिरलेली व विहिरीच्या कांठाचे दगड निखळलेले आढळले. आम्ही कसणाऱ्यास दोष देऊं लागलों, तेव्हां त्यानें शांतपणें विचारलें, "अण्णा, पुढच्या सालीं रान मजकडे राहील कीं नाहीं, हें तुम्हीं कधीं सांगितलें? मग ताल मीं कोणाच्या भरंवशावर घालावी?" या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

या प्रश्नांतच सर्व विषयाचें मर्म आहे. शेणखतांतील सर्व नत्र पहिल्याच पिकास मिळत नाहीं. तें सावकाश सुटतें व त्याचा कांहीं भाग पुढील पिकांच्या उपयोगीं पडतो. ताल घालणें, हरळी व कुंदा खणून काढणें, पाण्याच्या चाऱ्या नीट करणें, या सर्वांचा खर्च एका वर्षाचा व फळ अनेक वर्षांचें असतें. ज्याला पुढच्या मृगाचा भरंवसा नाहीं, तो हा खर्च कां करील? तो गोणींतील वरखत टाकतो, लवकर पैसा देणारें पीक घेतो, आणि तूर, हरभरा, ताग यांसारख्या पिकांनीं होणारा चांगला बेवड दुसऱ्याच्या पदरांत जाईल म्हणून टाळतो. यांत लबाडी नाहीं. हा साधा हिशेब आहे. तो बदलावयाचा असेल, तर मालकानेंच अगोदर आपली रीत बदलली पाहिजे.

कायद्याची भीति

मालक दर वर्षीं माणूस कां बदलतो? कूळ लागेल या भीतीनें. ही भीति निराधार नाहीं. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ सालीं झाला. त्यांत पुढें झालेल्या दुरुस्तीप्रमाणें १ एप्रिल १९५७, म्हणजे कृषक दिन, या दिवशीं कसणारीं कुळें कायद्यानें जमिनीचीं खरेदीदार मानलीं गेलीं. त्यानंतर लागलेल्या कुळासही कलम ३२-ओ अन्वयें वहिवाट सुरू झाल्यापासून एक वर्षाच्या आंत जमीन विकत घेण्याचा हक्क सांगतां येतो. मराठवाड्यास १९५० चा हैदराबादचा कायदा व विदर्भास १९५८ चा निराळा कायदा लागू आहे.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. "आम्हीं खंडानें दिली नाहीं, अर्धेलीनें दिली आहे; तेव्हां कूळ होत नाहीं," असें पुष्कळ जण म्हणतात. हें बरोबर नाहीं. पगार रोख असो वा धान्यांत असो, पगारावरचा गडी कूळ ठरत नाहीं. परंतु ज्याला पिकाचा वाटा मिळतो, त्याला कायदा गड्यांत मोजत नाहीं.

मालकाची भीति खरी, तशीच कसणाऱ्याची अडचणही खरी आहे. कागदावर त्याचें नांव नसल्यामुळें पीककर्ज त्याला मिळणें कठीण. गारपिटीनें पीक गेलें तर सरकारी मदत सातबाऱ्यावरील मालकाच्या खात्यांत जमा होते, आणि बियाण्याचें कर्ज त्याच्या डोक्यावर राहतें. मालकाचा हक्क सुरक्षित ठेवून करार उघडपणें लिहितां यावा, म्हणून नीति आयोगाच्या तज्ज्ञ समितीनें २०१६ सालीं एक नमुना कायदा राज्यांपुढें ठेवला. परंतु नमुना हा नमुनाच. व्यवहार करतांना आपल्या भागांत लागू असलेला कायदाच पाहिला पाहिजे.

तीन पद्धती

पहिली पद्धत सालदार ठेवून घरची शेती करण्याची. गांवीं भाऊ, मुलगा किंवा कुटुंबांतील कोणी देखरेखीस असेल तर ही सर्वांत निर्धोक. देखरेख नसेल तर सर्वांत तोट्याची.

दुसरी वाट्याची. हिच्यांत नफातोटा दोघांचा, म्हणून ती न्यायाची. परंतु खळ्यावर रास होईल त्या दिवशीं मालकानें हजर असलें पाहिजे. तसें न घडल्यास पांच पोत्यांच्या जागीं चार आलीं कीं काय, ही शंका मनांत राहते, व शंकेनें चांगला माणूस तुटतो.

तिसरी रोख खंडाची. दूरच्या मालकास ही सोयीची. पण सर्व जोखीम कसणाऱ्यावर पडते. म्हणून दुष्काळाच्या सालीं सूट किती, हें सुगीच्या वेळीं नव्हे तर पेरणीपूर्वींच ठरवावें.

कोणतीही पद्धत स्वीकारली तरी जाणत्या वकिलाचा सल्ला घेऊन पुढील गोष्टी लिहून ठेवाव्या: गट नंबर व चतुःसीमा, मुदत, शेतसारा, पाणीपट्टी व वीजबिल कोणीं भरावयाचें, शेणखताच्या गाड्या किती व कोणाच्या खर्चानें, बांधावरील झाडें व विहीर कोणाच्या ताब्यांत, मुदत संपली तेव्हां न संपलेल्या खताचा व नव्या तालीचा मोबदला किती, आणि नुकसानभरपाई आल्यास ती ज्याचें पीक बुडालें त्याला पोंचती करणें. हें शेवटचें कलम आम्ही सर्वांत महत्त्वाचें मानतों. दुसऱ्याच्या बुडालेल्या घामाचा पैसा आपल्या घरांत ठेवूं नये.

मालकाचें वर्षाचें काम

वर्षांतून चार फेऱ्या कराव्या. उन्हाळ्यांत बांध व ताली पाहण्यास; मृगापूर्वीं खत पडलें कीं नाहीं तें पाहण्यास; भाद्रपदांत तण पाहण्यास; आणि सुगीस. प्रत्येक फेरींत शेताच्या चारी कोपऱ्यांपर्यंत पायीं जावें. रस्त्यावरून पाहिलेलें शेत हिरवेंच दिसतें.

दर सहा महिन्यांनीं सातबारा पाहावा; डिजिटल स्वाक्षरीचा उतारा आतां घरबसल्या मिळतो. 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचावा. फेरफाराची नोटीस जुन्या पत्त्यावर जाऊन हरकतीची मुदत निघून जाऊं नये, म्हणून गांवच्या महसूल कार्यालयांत आपला चालू पत्ता व दूरध्वनि द्यावा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर खातेदारानें स्वतः भ्रमणध्वनीवरून, शेतांत उभें राहून, छायाचित्रासह पिकाची नोंद करण्याची पद्धत सुरू झाली. ती वेळ साधावी. पेरा एका पिकाचा व नोंद दुसऱ्याची असें होऊं देऊं नये.

आमच्या त्या रानाचें पुढें काय झालें, असें वाचक विचारतील. ताल आम्ही दोघांनीं मिळून घातली; दगड व मजुरी आमची, अंगमेहनत व बैल त्याचे. वकिलाच्या सल्ल्यानें शर्ती लिहून काढल्या, आणि माणूस बदलण्याची रीत सोडली. तिसऱ्या वर्षीं त्यानें आपण होऊन तागाचें हिरवळीचें खत गाडलें. खंड पूर्वींइतकाच येतो. पण आतां जमीनही जागेवर आहे, आणि माणूसही.